डाळीवरचा आळ

रक्ततपासणीच्या कागदावर एखादा आकडा ठळक अक्षरांत छापून आला, की त्या घरातील स्वयंपाकाचे राज्य काही दिवस त्या आकड्याच्या हाती जाते. यूरिक आम्लाच्या, म्हणजे बोलीभाषेतील ‘यूरिक ॲसिड’च्या बाबतीत तर हे हमखास घडते. चाळिशी ओलांडलेला एखादा गृहस्थ वसाहतीतील आरोग्य शिबिरात रक्त तपासून घेतो. कागदावर यूरिक आम्लापुढे ७.८ असा आकडा आणि त्याच्या शेजारी एक चांदणी उमटलेली असते. संध्याकाळी शेजारचे गृहस्थ येतात. ‘‘वहिनी, उद्यापासून डाळ बंद करा. टोमॅटो नको, पालक तर नकोच. आमचे साडू याच्यापायी रात्रभर पायाचा अंगठा धरून बसले होते,’’ असे सांगून जातात. औषधांच्या दुकानात वर्ज्य पदार्थांची एक छापील यादी मिळते. तीत तूर, मूग, मसूर, राजमा आणि वाटाणा अगदी वरच्या ओळींत असतात. दुसऱ्या दिवसापासून घरात वरण शिजत नाही. दोन वेगळ्या भाज्या करण्याइतका वेळ आणि इंधन घरात नसते, त्यामुळे मुलांच्या ताटातूनही वरण जाते. चहा मात्र पूर्वीप्रमाणेच दिवसातून पाच वेळा होतो, प्रत्येक कपात दोन चमचे साखर घालून. रविवारच्या मटणाला ‘आठवड्यातून एकदाच तर आहे’ अशी सवलत मिळते. गेल्या चार वर्षांत कमरेच्या पट्ट्याला दोन नवी भोके पाडावी लागली, ही गोष्ट या सर्व विचारविनिमयात कोणाच्याही तोंडून निघत नाही.

हा एका घराचा गैरसमज असता तर त्यावर लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु हाच सल्ला गावोगावी, दवाखान्यांच्या बाकांवर आणि लग्नाच्या पंगतींत दिला जातो, आणि तो ऐकणाऱ्यांत असे असंख्य लोक असतात, ज्यांच्या आहारात डाळीखेरीज प्रथिनांचे दुसरे भरवशाचे साधन नाही. रक्तात वाढलेले यूरिक आम्ल हा ताटातील एका पदार्थाचा अपराध नव्हे. शरीराचा चयापचय, म्हणजे अन्नापासून ऊर्जा घेण्याची आणि टाकाऊ द्रव्ये बाहेर सोडण्याची एकूण व्यवस्था, बिघडू लागल्याचा तो बहुधा एक निरोप असतो. निरोप चुकीचा वाचला गेला, तर शिक्षाही चुकीच्या ठिकाणी होते.

यूरिक आम्लाचा शोध तसा जुना आहे. स्वीडनमधील रसायनशास्त्रज्ञ कार्ल शीले यांनी १७७६ मध्ये मूतखड्याचे पृथक्करण करताना हे द्रव्य वेगळे केले. १७९७ मध्ये इंग्लंडमधील विल्यम वोलास्टन यांना संधिवाताच्या एका प्रकारात सांध्यापाशी येणाऱ्या पांढऱ्या गाठीतही तेच आढळले. या संधिवाताला ‘गाउट’ म्हणतात. पुढे १८४८ मध्ये आल्फ्रेड गॅरड या डॉक्टरांनी गाउटच्या रुग्णांच्या रक्तातच यूरिक आम्ल वाढलेले असते, हे सिद्ध केले. त्यांची नंतरची रीत मोठी साधी होती. रक्तातील पातळ द्रव घ्यायचा, त्यात थोडे आम्ल मिसळायचे, एक धागा बुडवून ठेवायचा आणि धाग्यावर स्फटिक जमतात का ते पाहायचे. आज यंत्रातून क्षणात निघणारा आकडा एके काळी अशा धाग्यावर वाचला जात होता.

हे आम्ल शरीरात येते कोठून? प्रत्येक सजीव पेशीच्या केंद्रात ‘प्युरिन’ नावाचे घटक असतात. जुन्या पेशी मोडतात, नव्या घडतात, आणि या मोडतोडीतून जे प्युरिन सुटते त्याचे शेवटी यूरिक आम्ल होते. रोज तयार होणाऱ्या यूरिक आम्लाचा साधारण दोन तृतीयांश भाग शरीराच्या स्वतःच्याच पेशींतून येतो. अन्नातून येतो तो सुमारे एक तृतीयांश. म्हणजे एखाद्याने प्युरिन असलेला घासही घेतला नाही, तरी त्याच्या रक्तात यूरिक आम्ल तयार होतच राहणार. बहुतेक सस्तन प्राण्यांच्या शरीरात या आम्लाचे आणखी विघटन करणारे एक विकर असते. माणूस आणि त्याचे जवळचे वानरकुळातील आप्त यांनी उत्क्रांतीच्या ओघात ते लाखो वर्षांपूर्वीच गमावले. त्यामुळे माणसाच्या रक्तातील यूरिक आम्लाची पातळी इतर बहुतेक सस्तन प्राण्यांच्या मानाने मुळातच वरची असते. एक डेसिलिटर रक्तद्रवात सुमारे ६.८ मिलिग्रॅमपर्यंत ते विरघळलेले राहते. त्यापुढे त्याचे सुईसारखे बारीक स्फटिक होण्याची शक्यता निर्माण होते. हात-पाय शरीराच्या मध्यभागापेक्षा थंड असतात आणि थंडाव्यात विद्राव्यता घटते. पायाच्या अंगठ्याला, आणि तेही पुष्कळदा रात्रीच्या वेळी, पहिला दणका बसतो त्यामागे हे एक कारण मानले जाते.

येथे एका हौदाची कल्पना करावी. हौदाला वरून नळ आहे आणि खाली मोरी आहे. हौद भरून वाहू लागला तर नळ जास्त सुटला असेल किंवा मोरी तुंबली असेल. यूरिक आम्लाच्या हौदाची मुख्य मोरी म्हणजे मूत्रपिंड. सुमारे दोन तृतीयांश यूरिक आम्ल लघवीवाटे जाते, उरलेले आतड्यावाटे. मूत्रपिंड ते आधी गाळून बाहेर काढते आणि मग त्यातील बराच मोठा भाग परत रक्तात ओढून घेते. ही ओढून घेण्याची क्रिया प्रमाणाबाहेर वाढली की मोरी तुंबते. ज्यांच्या रक्तात यूरिक आम्ल वाढलेले असते त्यांतील बहुसंख्यांचा दोष नळापेक्षा मोरीचाच असतो. आणि तरीही सारी चर्चा नळाची चालते. नळातही ज्या बारीक धारेला डाळ म्हणता येईल, तिच्यावरच सर्वांची नजर.

मोरी तुंबवणाऱ्या गोष्टींत पहिला मान पोटाच्या घेराला द्यावा लागेल. पोटाभोवती चरबी साठू लागली, की शरीराच्या पेशी इन्सुलिनला पूर्वीसारखा प्रतिसाद देत नाहीत. ती उणीव भरून काढण्यासाठी स्वादुपिंड अधिक इन्सुलिन सोडते. हे जादा इन्सुलिन मूत्रपिंडाला मीठ आणि यूरिक आम्ल दोन्ही धरून ठेवायला लावते. म्हणूनच वाढलेला घेर, वाढलेला रक्तदाब, रक्तातील वाढलेली साखर आणि चरबी, आणि वाढलेले यूरिक आम्ल ही एकाच कुटुंबातील भावंडे एकमेकांचा हात धरून येतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतातील प्रौढांपैकी ३९.५ टक्के लोकांच्या पोटाचा घेर प्रमाणाबाहेर आढळला, ३५.५ टक्के लोकांना उच्च रक्तदाब होता आणि ११.४ टक्के लोकांना मधुमेह. ज्या देशात दर पाच प्रौढांपैकी जवळजवळ दोघांचा घेर वाढलेला आहे, तेथे यूरिक आम्लाच्या चांदण्या कागदोकागदी दिसू लागल्या तर त्याचे खापर तुरीवर फोडणे विचित्रच म्हणावे लागेल. तूर काही या पिढीत नव्याने खाल्ली जाऊ लागलेली नाही.

औषधांचाही यात हात असतो. रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या, लघवीचे प्रमाण वाढवणाऱ्या काही गोळ्या आणि हृदयविकाराच्या रुग्णांना दिली जाणारी अल्प मात्रेतील ॲस्पिरिन यांनी यूरिक आम्ल वाढू शकते. याचा अर्थ त्या गोळ्या रुग्णाने परस्पर बंद कराव्यात असा नाही. तसे करणे जिवावर बेतू शकते. परंतु डॉक्टरांसमोर आपल्या सर्व गोळ्यांची पाकिटे मांडली, तर कित्येकदा पर्यायी गोळी देता येते. डाळ बंद करण्याआधी हा साधा प्रश्न विचारला जात नाही, याचे नवल वाटते.

आता साखरेकडे वळावे. ऊस, गूळ आणि साखर यांत ग्लुकोजबरोबरच फ्रुक्टोज असते. नेहमीच्या साखरेचा तर निम्मा भाग तेच असते. यकृतात फ्रुक्टोजचे विघटन होताना पेशीतील ऊर्जेचे चलन घाईघाईने खर्ची पडते आणि त्या खर्चातून यूरिक आम्ल तयार होते. यात प्युरिनयुक्त अन्नाचा संबंधच नाही. गोड पेय पिणाऱ्याच्या शरीरातच यूरिक आम्लाचा कारखाना सुरू होतो. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ४६,००० हून अधिक पुरुषांची बारा वर्षे नोंद ठेवण्यात आली होती. साखर घातलेली थंड पेये दिवसाला दोन किंवा अधिक वेळा घेणाऱ्यांना गाउट होण्याचा धोका, ती क्वचितच घेणाऱ्यांच्या तुलनेत ८५ टक्क्यांनी अधिक आढळला. फळांच्या रसाबाबतही धोक्याची दिशा तीच होती. साखरविरहित पेयांत मात्र तसे काही दिसले नाही. वर सांगितलेल्या गृहस्थाच्या पाच कप चहांत दिवसाला सुमारे ५० ग्रॅम साखर जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये वरून घातलेल्या आणि रसातील साखरेचे प्रमाण एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांहून कमी, आणि शक्य तर पाच टक्क्यांहूनही कमी ठेवावे असे सुचवले. पाच टक्के म्हणजे मोठ्या माणसाला दिवसाला साधारण २५ ग्रॅम. चहाच्या टपरीवर ही मर्यादा दुपारच्या आतच ओलांडली जाते. लग्नातील सरबत, पाहुण्यासमोर ठेवलेली थंड बाटली आणि रसवंतीवरचा पेला हे सारे त्याच्या वर. छापील यादीत डाळींच्या आधी साखरेचे नाव असायला हवे होते. बहुतेक याद्यांत ते नसतेच.

डाळीचा बचाव करताना मांसाहार आणि मद्य यांना निर्दोष ठरवण्याचे कारण नाही. कलेजी, वजडी, भेजा यांसारख्या अवयवांच्या मांसात आणि तारली, बांगडा, सुकट अशा मासळीत प्युरिन भरपूर असते. मद्य तर दुहेरी काम करते: नळ सोडते आणि मोरीही तुंबवते. त्यातही बीअरमध्ये प्युरिन असल्याने तिचा उपद्रव अधिक. ४७,००० हून अधिक पुरुषांवरील, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांस आणि मासळी अधिक खाणाऱ्यांत गाउट अधिक दिसला, दूध-दही अधिक घेणाऱ्यांत कमी दिसला. आणि ज्यांत प्युरिन आहे अशा भाज्या व शेंगांचा गाउटशी संबंध आढळलाच नाही. कोणी म्हणेल, ते अमेरिकेतले लोक, त्यांचा आहार वेगळा. सिंगापूरमधील चिनी वंशाच्या लोकांचा एक दीर्घ अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथेही कोंबडी आणि मासे अधिक खाणाऱ्यांत गाउटचा धोका वाढलेला दिसला, तर सोयाबीन आणि इतर डाळी-कडधान्ये अधिक खाणाऱ्यांत तो थोडा कमीच होता.

डाळींना वर्ज्य यादीत जागा मिळाली ती मुख्यतः जुन्या कोष्टकांमुळे. त्या कोष्टकांत शंभर ग्रॅम कोरड्या डाळीतील प्युरिन मोजलेले असते. परंतु कोरडी डाळ कोणी चावून खात नाही. वाटीभर वरणात पंचवीस-तीस ग्रॅमच डाळ असते, बाकीचे पाणी. शिवाय वनस्पतींतील प्युरिन आणि मांसातील प्युरिन शरीरात अगदी एकसारखे वागत नाही. पालक आणि टोमॅटो यांची गोष्ट तर निराळ्याच गोंधळाची आहे. ऑक्झलेटच्या मूतखड्यासाठी सांगितलेले पथ्य तोंडातोंडी फिरत फिरत यूरिक आम्लाच्या यादीत येऊन बसले आहे.

या चर्चेत आयुर्वेदाचा हवाला हटकून दिला जातो. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वातरक्त या व्याधीचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. वातरक्त म्हणजे नेमका आजचा गाउट, असे समीकरण मांडता येत नाही. तरी लक्षणांतील साम्य नजरेत भरते. तेथील कारणांच्या मालिकेत कुळीथ आणि उडीद आहेत, हे खरे. पण त्याच मालिकेत ऊस आहे, मद्याचे प्रकार आहेत, पाणथळ प्रदेशातील प्राण्यांचे मांस आहे, आधीचे अन्न पचण्यापूर्वी पुन्हा जेवणे आहे, दिवसा झोपणे आणि रात्री जागणे आहे. दही आणि ताकही आहे, ज्यांच्याविषयी आजचे संशोधन उलट अनुकूल मत देते. प्राचीन ग्रंथाचा आधार घ्यायचा तर संपूर्ण यादीचा घ्यावा. कुळीथ उचलून सुरा आणि ऊस सोयीस्करपणे मागे ठेवणे हा ग्रंथाचा सन्मान नव्हे. चरकांनी या व्याधीचे ‘आढ्यवात’ असेही एक नाव नोंदवले आहे. आढ्य म्हणजे धनिक. सुखासीन, नाजूक प्रकृतीच्या, शारीरिक कष्ट न करणाऱ्या माणसांचा हा रोग, असा त्याचा रोख आहे.

युरोपातही गाउटला राजेरजवाड्यांचा रोग मानत. सतराव्या शतकातील विख्यात डॉक्टर थॉमस सिडनहॅम स्वतः या रोगाने जर्जर झाले होते. १६८३ मध्ये त्यांनी त्यावर ग्रंथ लिहिला आणि हा रोग गरिबांपेक्षा श्रीमंतांना आणि मूर्खांपेक्षा शहाण्यांना अधिक गाठतो, असे म्हणून स्वतःचे थोडे समाधान करून घेतले. हे समाधान आजच्या रुग्णाच्या वाट्याला येत नाही. त्याच्या वाट्याला येते ती थट्टा: ‘फार खातोस, फार पितोस, भोग आता.’ न्यूझीलंडमधील माओरी आणि पॅसिफिक बेटांवरून आलेल्या समाजांत गाउटचे प्रमाण तेथील इतरांपेक्षा कितीतरी जास्त आहे, आणि हे समाज तेथील धनिक वर्ग नव्हेत. त्यांच्या मूत्रपिंडांना व आतड्यांना यूरिक आम्ल बाहेर टाकणे अनुवंशानेच अवघड जाते. २०१८ मध्ये युरोपीय वंशाच्या सोळा हजारांहून अधिक अमेरिकी लोकांच्या माहितीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. माणसामाणसांतील यूरिक आम्लाच्या फरकापैकी कोणत्याही एका खाद्यपदार्थाने एक टक्काही फरक स्पष्ट होत नव्हता. अनुवंशाने जवळपास चौथा हिस्सा होत होता. यावरून खाण्यापिण्याला अर्थच नाही असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल, कारण वाढलेले वजन आणि मद्य यांचा परिणाम एखाद्या पदार्थापुरता मोजता येत नाही. मात्र एकाच घरात, एकाच ताटात जेवणाऱ्या दोन भावांपैकी एकाचाच अंगठा का सुजतो, याचे उत्तर त्यात मिळते. स्त्रियांना पाळी सुरू असेपर्यंत इस्ट्रोजेन या संप्रेरकाचे साहाय्य असते; ते यूरिक आम्ल बाहेर टाकायला मदत करते. पाळी थांबल्यावर ते संरक्षण ओसरते. पन्नाशीनंतरच्या बाईच्या सुजलेल्या सांध्याला घरातले ‘वय झाले’ म्हणतात, आणि तपासणी राहून जाते.

चुकीच्या पथ्याइतकीच घातक दुसरी सवय म्हणजे परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या. गाउटचा झटका असह्य असतो. पांघरुणाचा स्पर्शही सोसत नाही. अशा वेळी दुकानातून डायक्लोफिनॅकची पट्टी आणली जाते आणि तीच पुढे महिनोन्महिने चालते. थोड्या दिवसांसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली या गोळ्या उपयुक्त आहेत. दीर्घकाळ घेतल्या तर त्या मूत्रपिंडाला, म्हणजे आधीच तुंबलेल्या मोरीलाच, इजा करतात. या संदर्भात भारतातील गिधाडांची कहाणी आठवण्यासारखी आहे. नव्वदीच्या दशकापासून गिधाडे झपाट्याने नाहीशी होऊ लागली. २००४ मध्ये कारण उघड झाले: जनावरांना दिलेले डायक्लोफिनॅक त्यांच्या मृत शरीरांतून गिधाडांच्या पोटात जात होते. त्यांची मूत्रपिंडे निकामी होत आणि मेलेल्या पक्ष्यांच्या अवयवांवर यूरिक आम्लाचा पांढरा थर चढलेला आढळे. २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधाच्या वापरावर भारतात बंदी आली. माणूस म्हणजे गिधाड नव्हे. त्याचे शरीर हे औषध बऱ्याच चांगल्या रीतीने हाताळते. तरीही मूत्रपिंड दुबळे असलेल्या माणसाने ते गोळ्या-बिस्किटांसारखे खावे, इतके ते निरुपद्रवी नाही. झाडपाल्याच्या उपायांबाबतही हीच सावधगिरी हवी. गाउटवरील कोल्चिसिन हे औषध ज्या वनस्पतींत असते त्यांत आपल्याकडची सुंदर फुलांची कळलावी आहे, आणि तिच्या बाबतीत औषध आणि विष यांच्यातील अंतर फारच थोडे आहे.

ज्याला वेदना नाही, गाठ नाही, मूतखडा नाही, केवळ कागदावरचा आकडा वाढलेला आहे, त्याने काय करावे? अशा माणसांपैकी बहुसंख्यांना गाउट कधीच होत नाही, आणि नुसत्या आकड्यासाठी औषध सुरू करण्याची शिफारस सहसा केली जात नाही. यूरिक आम्ल कमी केले की मूत्रपिंड आणि हृदय यांचे रक्षण होईल, अशी आशा काही वर्षांपूर्वी मोठी होती. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांत औषधाने आकडा उतरला, पण मूत्रपिंडाची घसरण थांबली नाही. २०२२ मधील एका मोठ्या चाचणीत हृदयरुग्णांनाही त्याचा लाभ दिसला नाही. तेव्हा अनेक माणसांत हा आकडा गुन्हेगारापेक्षा साक्षीदार अधिक असतो, असे मानायला जागा आहे. साक्षीदाराचे तोंड बंद करून गुन्हा थांबत नाही. त्याने बोट दाखवले त्या दिशेला, म्हणजे वजन, रक्तदाब, रक्तशर्करा आणि मद्य यांच्याकडे पाहावे लागते. ज्यांना गाउटचे झटके वारंवार येतात त्यांची गोष्ट वेगळी. त्यांना नियमित औषध लागते, आकडा ६ च्या खाली राहील असे पाहावे लागते, आणि केवळ पथ्याने ते साधेल ही अपेक्षा बहुधा फोल ठरते. अशा रुग्णाने गोळी सोडून वरण सोडले, तर त्याने आपले दोन्हीकडून नुकसान करून घेतले. झटपट वजन उतरवण्यासाठी धरलेले कडक उपवासही उलटतात. उपाशी शरीरात तयार होणारी द्रव्ये मूत्रपिंडात यूरिक आम्लाची वाट अडवतात.

‘जीवनशैली’ हा शब्द या विषयात सर्रास वापरला जातो. त्यात एक अन्याय दडलेला आहे. शैली निवडावी लागते, आणि निवड करण्याइतका मोकळेपणा सर्वांना नसतो. बारा तासांची पाळी करणारा पहारेकरी रात्री जागतो, झोप उडवण्यासाठी गोड चहा पितो आणि घरी येऊन भाताच्या ढिगाऱ्यावर भूक भागवतो. भट्टीजवळ किंवा उन्हात काम करणाऱ्याच्या अंगातून घाम जातो, पण पाण्याची सोय जवळ नसते. बांधकामावरच्या, बाजारात बसणाऱ्या, शेतावर राबणाऱ्या कितीतरी स्त्रिया शौचालयाच्या अभावी दिवसभर पाणीच टाळतात. लघवी दाट होते, आणि यूरिक आम्लाच्या खड्यांना असे वातावरण सोयीचे असते. या लोकांना ‘जीवनशैली बदला’ असे सांगणे म्हणजे अनवाणी माणसाला जोडे झिजवू नका असे बजावणे होय. कामाच्या जागी पिण्याचे पाणी आणि स्वच्छ शौचालय हा यूरिक आम्लावरचाही उपाय आहे, हे कोणत्याच छापील यादीत लिहिलेले नसते.

आणि डाळ? २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने गहू, तांदूळ आणि भरडधान्ये यांचा हक्क दिला. डाळीचा दिला नाही. काही राज्ये आपल्या बळावर शिधावाटप दुकानांतून ती देतात, अनेक ठिकाणी ती बाजारभावानेच घ्यावी लागते. भाव चढले की वरण पातळ होते. अशा घरात तूर-मुगाच्या शंभर ग्रॅममागे मिळणारी वीस-बावीस ग्रॅम प्रथिने गैरसमजापायी सोडली, तर त्यांची जागा घ्यायला पनीर किंवा अंडी येत नाहीत. येतो तो आणखी एक मूठ भात, आणखी एक पोळी, आणि वर गोड चहा. म्हणजे ज्या वाटेने पोटाचा घेर वाढला, तीच वाट अधिक रुंद होते. मूत्रपिंडाचा आजार पुढच्या टप्प्याला गेलेल्या रुग्णाला प्रथिने मोजून घ्यावी लागतात. ते पथ्य त्याच्या डॉक्टरांनी त्याच्यापुरते ठरवायचे असते, सगळ्या घरावर लादायचे नसते.

शिबिरातून चांदणी लागलेला कागद घेऊन परतणाऱ्या गृहस्थाने आधी शिंप्याची फीत मागून घ्यावी आणि पोटाचा घेर मोजावा. भारतीय पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा मानली जाते. मग रक्तदाब आणि रक्तातील साखर तपासून घ्यावी, घरातील सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्याव्यात आणि दिवसभरात चहात पडणारे साखरेचे चमचे खरेपणाने मोजून त्यांना सांगावेत. कुकर रोजच्या वेळी लावायला हरकत नाही.